चालू लूपला हार्ट कम्युनिकेटर लावण्याआधी

प्रश्न एका केमिकल प्लांटमधल्या इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनचा आहे. त्यांच्याकडे नवा हार्ट कम्युनिकेटर आलाय, म्हणजे ट्रान्समीटरच्या (प्रेशर, लेव्हल मोजून कंट्रोल रूमला ४–२० मिलीअँपिअरचा करंट पाठवणाऱ्या उपकरणाच्या) त्याच दोन वायरवरून त्याच्याशी बोलणारा हँडहेल्ड. त्या वायरींचं सर्किट म्हणजे लूप. हँडहेल्डवर ‘एक्स आयए’ असं मार्किंग आहे. सुपरवायझरचं म्हणणं, हँडहेल्ड इंट्रिन्सिकली सेफ आहे, तेव्हा झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही स्फोटक वायू असू शकतो अशा जागी, कुठलाही ट्रान्समीटर उघडा आणि लावा. हे बरोबर आहे का, चालू प्लांटमध्ये लावल्याने ट्रिप होऊ शकते का (म्हणजे प्लांट किंवा यंत्र आपोआप बंद पडू शकतं का), आणि काही लूपवर डिव्हाइस सापडतच नाही ते का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

पहिल्याचं उत्तर: नाही, कुठलाही ट्रान्समीटर उघडता येत नाही. हँडहेल्डवरचं मार्किंग फक्त हँडहेल्डबद्दल सांगतं. त्याची बॅटरी आणि सर्किट यांतून वायू पेटेल एवढी ऊर्जा बाहेर पडणार नाही, इतकंच ते प्रमाणपत्र आहे. तुम्ही ज्या दोन टर्मिनलना क्लिपा लावणार, तिथे २४ व्होल्टचा सप्लाय कंट्रोल रूममधून येतोय. तो बॅरियरमधून येतोय की सरळ, हे त्या मार्किंगला माहीत नसतं.

एक्स आयए लूपमध्ये सेफ एरियात झेनर बॅरियर किंवा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर असतो. फील्डकडे जाणारा व्होल्टेज आणि करंट तो अशा मर्यादेत ठेवतो की वायर तुटली, शॉर्ट झाली तरी ठिणगीत वायू पेटवण्याइतकी ताकद राहत नाही. म्हणून अशा लूपमध्ये चालू स्थितीत टर्मिनल उघडता येतं. एक्स डी म्हणजे फ्लेमप्रूफचा विचार याच्या उलट आहे. तिथे आत ठिणगी होणार हे धरूनच चाललेलं असतं. स्फोट झालाच तर तो जाड कव्हरच्या आत राहावा, ज्वाळा थ्रेडच्या फटीतून बाहेर येताना थंड व्हावी, अशी ती रचना आहे. तुम्ही कव्हर फिरवून काढलंत की ते सगळं संरक्षण तुमच्या हातात आलं, आणि आत पूर्ण ताकदीचा सप्लाय उघडा पडला. कव्हरवर ‘पॉवर चालू असताना उघडू नका’ असं छापलेलं असतं ते यासाठी. अशा ठिकाणी एक्स आयए हँडहेल्ड असला काय, नसला काय, क्लिप घसरून दोन टर्मिनल शॉर्ट झाली तर ठिणगी सप्लायच्या ताकदीची पडणार.

गोंधळ वाढवते ती ट्रान्समीटरची नेमप्लेट. आजकाल बऱ्याच ट्रान्समीटरना दोन्ही प्रमाणपत्रं असतात, एकाच पट्टीवर एक्स डी आणि एक्स आयए दोन्ही छापलेलं. बसवताना यातलं कोणतं वापरलं त्यावर कायमची खूण करायची असते, पण ती खूण मला फार थोड्या प्लांटमध्ये दिसली आहे. म्हणून नेमप्लेट वाचून निर्णय घेऊ नका, लूप ड्रॉइंग बघा. त्यात बॅरियर किंवा आयसोलेटर दाखवलाय का, त्याचा मॉडेल नंबर काय, आणि मार्शलिंग कॅबिनेटमध्ये, म्हणजे फील्डच्या वायरी जिथे एकत्र येतात तिथे, तो खरोखर आहे का. निळी केबल, निळं ग्लँड, निळी टर्मिनल हे इंट्रिन्सिकली सेफ सर्किटचे संकेत आहेत आणि चटकन ओळखायला बरे पडतात, पण पुरावा म्हणून ते धरू नयेत. केबल बदलताना स्टोअरमध्ये होती ती ओढली, असं होतंच.

बॅरियर आहे हे कळल्यावरही एक हिशोब उरतो, आणि तो सहसा कोणी करत नाही. कम्युनिकेटर जोडला की लूपमध्ये एक नवं उपकरण आलं. त्याची स्वतःची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स बेरजेत धरायची, आणि त्याच्या टर्मिनलवर स्वतःचा थोडासा व्होल्टेज येत असेल तर तोही बॅरियरच्या व्होल्टेजमध्ये मिळवायचा. नेहमीचा २८ व्होल्ट, ३०० ओम, ९३ मिलीअँपिअरचा बॅरियर घ्या. हायड्रोजनच्या गटात, म्हणजे आयआयसीमध्ये, २८ व्होल्टला ८३ नॅनोफॅरड कपॅसिटन्स चालते. हँडहेल्डचा व्होल्टेज मिळवून बेरीज ३० व्होल्ट झाली तर तीच मर्यादा ६६ वर येते. केबलचे आकडे माहीत नसतील तर मीटरला २०० पिकोफॅरड धरतात. म्हणजे ट्रान्समीटरची कपॅसिटन्स जवळजवळ शून्य धरली तरी पहिल्या स्थितीत साधारण ४१५ मीटर केबल बसते, दुसऱ्या स्थितीत ३३० मीटर. टँक फार्मच्या टोकाला असलेल्या लूपमध्ये हा फरक कागदावरचा राहत नाही. आयआयबी म्हणजे पेटायला त्याहून जास्त ऊर्जा लागणाऱ्या वायूंच्या गटात २८ व्होल्टला ६५० नॅनोफॅरडपर्यंत मुभा असते, तिथे सहसा अडचण येत नाही. हँडहेल्डचे आकडे त्याच्या मॅन्युअलमधल्या कंट्रोल ड्रॉइंगवर मिळतात. तुमच्या प्लांटच्या नेहमीच्या तीन-चार प्रकारच्या बॅरियरसाठी हा हिशोब एकदा करून शॉपमध्ये भिंतीवर लावून ठेवा, दर वेळी करायला नको.

भारतात पेट्रोलियमच्या धोकादायक क्षेत्रात वापरायच्या विद्युत उपकरणांना पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, मंजुरी लागते. तिचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. कम्युनिकेटर परदेशातून आलाय, त्यावर एटेक्सचं (युरोपच्या स्फोटसुरक्षा नियमांचं) चिन्ह आहे, तेवढ्यावर थांबू नका. खरेदीच्या कागदांत ती मंजुरी तुमच्याच मॉडेलची आणि तुमच्याच बॅटरी पॅकची आहे का बघा. एकाच मॉडेलची सेफ आणि साधी अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात असतात, बाहेरून सारख्याच दिसतात. बॅटरी बदलणं, चार्जर लावणं, यूएसबी जोडणं ही कामं झोनच्या बाहेरच. आणि हँडहेल्डची बॉडी कोरड्या फडक्याने घासू नका, प्लास्टिकवर स्टॅटिक साचतं. ओलसर कापड वापरा.

मग एक्स डी लूपचं काय करायचं? सगळ्यात सोपा उपाय बहुतेक वेळा चालत जायच्या अंतरावर असतो: रॅक रूम. हार्टला ट्रान्समीटरच्या पोटाशीच जोडलं पाहिजे असा काही नियम नाही. लूपचे दोन वायर मार्शलिंग कॅबिनेटमध्ये येतात, तिथे जोडा. जागा सेफ, पाऊस नाही, आणि पॅनेल ऑपरेटर हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या प्लांटमध्ये फील्ड कव्हर उघडणं म्हणजे पुढच्या महिन्यातल्या गंजाला आमंत्रण, तोही मुद्दा आहेच. फील्डमध्येच उघडणं भाग असेल, उदाहरणार्थ डिस्प्ले बघत झिरो करायचा आहे, तर गॅस टेस्ट, हॉट वर्क परमिट आणि काम संपेपर्यंत चालू गॅस डिटेक्टर. वाटेतला जंक्शन बॉक्स मधला मार्ग वाटतो, पण तोही झोनमध्येच असतो. त्यातली टर्मिनल बॅरियरविना असतील तर प्रश्न तोच.

फोर-वायर उपकरणांकडे, म्हणजे सिग्नल आणि पॉवरच्या वायरी वेगळ्या असलेल्यांकडे, वेगळं लक्ष द्या. मॅग्नेटिक फ्लोमीटर किंवा काही अॅनालायझरमध्ये सिग्नलच्या टर्मिनलपासून काही सेंटिमीटरवर २३० किंवा ११० व्होल्ट एसी असतो. हँडहेल्डच्या टर्मिनलची मर्यादा त्यापेक्षा खूप कमी, काही दहा व्होल्ट डीसीची असते. एकदा चुकून एसी लागला आणि नंतर तो ‘चालू होतोय’ म्हणून पुन्हा झोनमध्ये नेला, तर आतले सुरक्षा घटक शाबूत आहेत याची खात्री कोण देणार? असा पीस सर्व्हिस सेंटरला पाठवायचा. त्याआधी वापर नाही.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते ठिणगीपेक्षा रोजचा धोका हा आहे.

नुसता जोडल्याने ट्रिप होत नाही, तत्त्वतः. हार्टचा सिग्नल ४–२० मिलीअँपिअरवर चढवलेला असतो, अधिक-उणे अर्धा मिलीअँपिअर, १२०० आणि २२०० हर्ट्झ. वर-खाली सारखाच असल्यामुळे सरासरी शून्य, आणि डीसीएसचं (कंट्रोल रूममधल्या नियंत्रण संगणकाचं) इनपुट फिल्टर ते गाळून टाकतं. जुन्या ट्रिप अॅम्प्लिफायरवर किंवा फार वेगवान इनपुट कार्डवर आकडा थोडा थरथरतो, एवढंच. ट्रिप होते ती हातामुळे. क्लिप घसरली, दोन टर्मिनल शॉर्ट झाली, तर करंट एकदम वर जातो आणि इनपुट चॅनेलचा किंवा बॅरियरचा फ्यूज उडाला तर लूप शून्यावर येतो. बहुतेक झेनर बॅरियरचा फ्यूज बदलता येत नाही, अख्खा बॅरियर बदलावा लागतो. म्हणून मोठ्या मगर क्लिपा ठेवून द्या. बारीक हुक असलेले ग्रॅबर वापरा, एका वेळी एकच लावा, दुसरा हातात मोकळा लोंबकळू देऊ नका.

कम्युनिकेटर लूपला समांतर लागतो, अॅमीटरसारखा मध्ये नाही. पोलॅरिटीची काळजी हार्टमध्ये नाही. काही ट्रान्समीटरवर शेजारी ‘टेस्ट’ लिहिलेलं टर्मिनल असतं, ते लूप न तोडता मिलीअँपिअर मोजण्यासाठी असतं, आत डायोड असतो. तिथे कम्युनिकेटर लावून बोलणं होत नाही, आणि तिथे २४ व्होल्ट दिलात तर तो डायोड जातो. हल्लीच्या काही कम्युनिकेटरमध्ये ट्रान्समीटरला स्वतः पॉवर द्यायची सोय आहे, वर्कशॉपमध्ये टेबलावर फार उपयोगी. चालू लूपवर मात्र ते पॉवरचं टर्मिनल वापरायचं नाही, एका लूपला दोन सप्लाय होतात.

आणि मग मेनू. कम्युनिकेटरवर बघणं आणि बदलणं यांत फक्त एका बटणाचं अंतर आहे. लूप टेस्ट घेतली की ट्रान्समीटर तुम्ही सांगाल तो करंट देतो, प्रेशर काही का असेना. कंट्रोलर ऑटोवर असेल तर तो ते खरं मानतो आणि व्हॉल्व्ह हलवतो. लेव्हलच्या लूपवर ४ मिलीअँपिअर दिलात की डीसीएसच्या मते टाकी रिकामी. लो-लो लेव्हलवर पंप ट्रिप असेल तर पंप गेला. त्यामुळे कम्युनिकेटर हातात घ्यायच्या आधी पॅनेल ऑपरेटरशी वॉकीटॉकीवर बोलणं, टॅग नंबर त्याच्याकडून परत म्हणवून घेणं, लूप मॅन्युअलला गेल्याची त्याच्या तोंडून खात्री करणं. ‘सांगितलं होतं’ हे पुरेसं नसतं. आणि तो टॅग इतर कुठे जातो तेही विचारा. एकाच ट्रान्समीटरवर कंट्रोल, अलार्म आणि कुठल्यातरी जुन्या इंटरलॉकची (ठरलेल्या आकड्यावर यंत्र आपोआप थांबवणाऱ्या योजनेची) बेरीज चाललेली असते. मॅन्युअल केल्याने इंटरलॉक थांबत नाही.

सेफ्टी सिस्टीमच्या ट्रान्समीटरवर तर बायपासचा वेगळा परमिट, वेळ घालून. तीनपैकी दोन मतांची रचना असेल तर एक ट्रान्समीटर बायपास केल्यावर उरलेल्या दोघांत काय नियम चालेल, दोन्ही लागतील की एक पुरे, हे आधी माहीत पाहिजे, कारण ते प्रत्येक प्लांटमध्ये वेगळं ठरवलेलं असतं. या ट्रान्समीटरवरचा राइट-प्रोटेक्ट जंपर, म्हणजे सेटिंग बदलू न देणारी छोटी जोडणी, काम झाल्यावर परत लावायचा. तो काढलेलाच राहिला तर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

लूप टेस्टमधून बाहेर कसं पडता तेही महत्त्वाचं आहे. मेनूतून नीट ‘एंड’ न करता क्लिपा काढल्या, बॅटरी संपली, किंवा जेवणाची वेळ झाली म्हणून हँडहेल्ड बंद केला, तर ट्रान्समीटर त्याच ठरलेल्या करंटवर अडकून राहू शकतो. समजा १२ मिलीअँपिअर. डीसीएसवर लेव्हल ५० टक्के, ट्रेंड सरळ रेषेत, अलार्म नाही, सगळं छान. खाली टाकी भरतेय किंवा रिकामी होतेय. बिघाड दाखवायला ट्रान्समीटर सहसा ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जातात, ते डीसीएसला कळतं. १२ हा आकडा मात्र पूर्णपणे निरोगी दिसतो.

असाच प्रकार पोलिंग अॅड्रेसचा, म्हणजे लूपवरच्या उपकरणाच्या क्रमांकाचा. नेहमीच्या लूपमध्ये तो शून्य असतो. जुन्या, हार्ट ५ च्या उपकरणात तो १ केलात की उपकरण मल्टिड्रॉपमध्ये (एकाच वायरजोडीवर अनेक उपकरणं असण्याच्या मोडमध्ये) जातं आणि करंट ४ मिलीअँपिअरवर स्थिर होतो. हार्ट ६ पासून लूप करंट चालू-बंद करण्याचं वेगळं सेटिंग आलं, पण आपल्याकडे जुनी उपकरणं भरपूर आहेत. ‘फक्त अॅड्रेस बदलला’ असं म्हणणाऱ्या माणसाला ट्रिपचं कारण शोधायला बराच वेळ लागतो.

रेंज बदलताना ट्रान्समीटर आणि डीसीएस दोन्हीकडे एकत्र बदल व्हावा लागतो. ट्रान्समीटर ० ते १० बारचा होता, तुम्ही ० ते १६ केलात, डीसीएस तसाच राहिला. लाइनमध्ये ८ बार आहेत, ट्रान्समीटर १२ मिलीअँपिअर देतो, पडद्यावर ५ बार दिसतात. कंट्रोलर आनंदाने आणखी प्रेशर वाढवतो. झिरो ट्रिम हा शब्दही निरुपद्रवी वाटतो, पण मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडून दोन्ही बाजू सारख्या केल्याशिवाय तो दाबला तर चालू डिफरन्शियल प्रेशरच शून्य म्हणून नोंदला जातो. कुठलाही बदल करण्याआधी हँडहेल्डवरची मूळ माहिती जतन करा. काम झाल्यावर हँडहेल्डवरचं प्रेशर, मिलीअँपिअर आणि डीसीएसवरचा आकडा तिन्ही जुळतात का पाहा, आणि ते जुळल्यावरच ऑपरेटरला ऑटो करायला सांगा.

व्हॉल्व्ह पोझिशनर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारं उपकरण, याबद्दल एवढंच: ऑटो कॅलिब्रेशन दाबलं की तो व्हॉल्व्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. लाइन आयसोलेट केलेली किंवा बायपासवर असावी, आणि स्टेमजवळ कोणाचा हात नसावा. अॅक्च्युएटरमधली हवा आणि स्प्रिंग तुमच्या परमिटवर काय लिहिलंय ते वाचत नाहीत.

तिसरा प्रश्न, डिव्हाइस न सापडण्याचा. बहुतेक वेळा कारण रेझिस्टन्स असतो. हार्टचा सिग्नल व्होल्टेजच्या रूपात दिसायला लूपमध्ये किमान २३० ओम लागतात, म्हणून २५० चा रेझिस्टर घालायची पद्धत पडली. पॉवर सप्लायचा अंतर्गत रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे थेट त्याच्या दोन टोकांवर कम्युनिकेटर लावला तर सिग्नल तिथेच गिळला जातो. रेझिस्टर सप्लाय आणि तुमच्या जोडणीच्या मध्ये असायला हवा, किंवा सरळ रेझिस्टरच्या दोन टोकांवर जोडा. डीसीएसच्या इनपुट कार्डमध्येच २५० ओम असतील तर वेगळा लागत नाही. नसेल तर तो चालू लूपमध्ये घालताना लूप तोडावा लागतो आणि करंट शून्य होतो, हे ऑपरेटरला आधी सांगा.

पण उगाच रेझिस्टर वाढवू नका. २४ व्होल्टचा सप्लाय आणि किमान १०.५ व्होल्ट मागणारा ट्रान्समीटर धरा. उरले १३.५ व्होल्ट. बिघाडाच्या अलार्मसाठी करंट २३ मिलीअँपिअरपर्यंत जाऊ द्यायचा तर एकूण रेझिस्टन्स ५८७ ओमच्या आत हवा. झेनर बॅरियर प्रत्यक्षात ३४० ओमच्या आसपास, वर २५०, म्हणजे केबल धरण्याआधीच ५९०. असा लूप रोज व्यवस्थित चालतो आणि नेमका बिघाड दाखवायच्या वेळी ट्रान्समीटरला व्होल्टेज कमी पडतं. टर्मिनलवरचा व्होल्टेज मीटरने मोजा, ही पहिली तपासणी. त्यानंतर आयसोलेटर बघा. काही जुने आयसोलेटर हार्टचा सिग्नल पलीकडे जाऊच देत नाहीत, मग रॅक रूममध्ये त्याच्या फील्ड बाजूला जोडावं लागतं. ती टर्मिनल इंट्रिन्सिकली सेफ बाजूची, तेव्हा तिथे फक्त मान्य हँडहेल्ड. साधा मल्टिमीटर किंवा चार्जरवर लावलेला लॅपटॉप आणि साधा यूएसबी मोडेम तिथे नको. खोली सेफ असली तरी ते वायर थेट झोनमध्ये जातात.

सहकारी त्याच लूपवर दुसरा हँडहेल्ड लावून बसलेला नाही ना, हेही विचारा. हार्टमध्ये एक प्रायमरी मास्टर आणि एकच सेकंडरी मास्टर (उपकरणाला प्रश्न विचारणारे) चालतो. हँडहेल्ड सेकंडरी असतो, दोन लागले की दोघंही अडखळतात. डिव्हाइस सापडतं पण मेनू अर्धवट दिसतो, तर त्या मॉडेलची डिव्हाइस डिस्क्रिप्शन फाइल हँडहेल्डमध्ये नाही किंवा जुनी आहे. अपडेट होईपर्यंत नुसतं वाचन करा, लिहू नका.

आणि शेवटी उपकरण हार्टचं आहे ना ते बघा. योकोगावाच्या बऱ्याच जुन्या ट्रान्समीटरमध्ये ब्रेन हा कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल असतो, हार्ट कम्युनिकेटरला तो दिसणारच नाही. हनीवेलच्या जुन्या एसटी ३००० मालिकेतल्या बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये डीई हा त्यांचा प्रोटोकॉल आहे, त्यासाठी कंपनीचा वेगळा हँडहेल्ड लागतो. तिथे अॅनालॉग मोडमध्ये संवाद चालू असताना ४–२० चा सिग्नलच विस्कटतो, त्यामुळे त्या ट्रान्समीटरवर नुसतं वाचायचं असलं तरी लूप आधी मॅन्युअलला घ्यावा लागतो.